जुन्या पाड्याचा चौक

वारली चित्रं हल्ली उशांवर, चहाच्या मगांवर, कुठेही दिसतात. फेर धरून नाचणारी माणसं लोकांना फार आवडतात. आम्हा वारल्यांच्या घरात मात्र लग्नाचा चौक शोभेसाठी काढत नाहीत. चौक म्हणजे आवतण. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकोन काढायचा, मधे पालघट देवी, तिच्यापाशी सूर्य, चंद्र, शिडी आणि भोवती झाडं. देवी झाडापानांत राहते. झाडं नसली तर ती येत नाही. तिच्या पाठोपाठ घरातली मेलेली माणसं येतात. ती सगळी आल्याशिवाय लग्न लागलं असं म्हणायचं नाही, असं आई मानते. मी मानत नाही. निदान तेव्हा मानत नव्हते.

बोरिवलीच्या जंगलाच्या कडेचा आमचा पाडा उठला आणि आम्ही चारकोपला सातव्या मजल्यावर आलो. त्यानंतरचं पहिलं लग्न माझ्या धाकट्या भावाचं. बाबा पाडा उठण्याआधीच गेले. ही इमारत त्यांनी पाहिलेलीच नाही. आईला घोर लागला होता तो एवढाच, की पोराच्या लग्नाला बाप पोचायला हवा.

विधवेने चौकाला हात लावायचा नसतो, म्हणून काढायला मावशी आली. तीही आमच्याच पाड्यात नांदलेली. हॉलच्या गुळगुळीत भिंतीवर गेरू धड बसेना, तेव्हा तिने बिल्डरच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली. पण एकदा बांबूची काडी पिठात बुडवल्यावर तिचं भान हरपलं. जेवायला हाक मारली तरी वळली नाही. चौकाभोवती उंबर उगवला. मग दोन ताड, ओढा, ओढ्याकाठचा वाघदेवाचा दगड, विहीर. जमलेल्या बायका वाखाणत होत्या. मी फोटो काढला.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. मला वाटलं, तिला भरून आलं.

"हा आपला उंबर," ती म्हणाली. "ही आपली विहीर. बाय गं, तू सगळ्यांना तिकडंच बोलावलंस."

मावशीच्या हातातली काडी थांबली. तिकडे, जुन्या पाड्यावर, आता पत्रे ठोकलेत आणि आत नुसता खड्डा आहे. त्या खड्ड्याकाठी बाबा आपलं दार शोधत फिरताहेत, असं मला भरदुपारी एकदम दिसलं. मावशी रडायलाच लागली. पुसते म्हणाली, पण काढलेला चौक पुसत नाहीत.

आईने चपला घातल्या. तिला एकटीला कुठे सोडणार, म्हणून मीही निघाले. रिक्षात मी मनातल्या मनात चडफडत होते. घरात हळद तशीच पडलेली, पाहुणे खोळंबलेले आणि आम्ही मेलेल्या माणसाला आणायला चाललोय.

पत्र्यांपाशी वॉचमनने हटकलं. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबा ताडी प्यायला बसले की उठता उठत नसत, तेव्हा ती ज्या वैतागाने हाक मारायची, त्याच आवाजात पत्र्याच्या फटीतून म्हणाली, "चला आता. घर हितं नाय राहिलं. पोरगा वाट बघतोय."

येताना ती रिक्षात अगदी कडेला सरकून बसली. आमच्या दोघींच्या मधे एका माणसाची जागा रिकामी होती. चेष्टा करायचं माझ्या मनात आलं होतं, पण त्या जागेवर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

इमारतीत लिफ्ट आली. आई आत शिरून कोपऱ्यात उभी राहिली. मी सातचं बटण दाबायला हात पुढे केला.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्यांना लिफ्टची सवय नाय."

दार मिटायला लागलं होतं. मी मधे पाय घातला आणि दार धरून उभी राहिले.