वहिनीला दिलेलं वाक्य

भाऊ गेल्यावर वहिनी माहेरी जायला निघाली होती. मीच तिला अडवलं, कारण आईला अर्धांगवायू झाला होता आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. नऊ वर्षं तिनं आईचं हागणंमुतणं काढलं. चाळिशीत तिनं बाहेरून बारावीचा फॉर्म भरला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून अडलेले शब्द ती मला विचारायची.

एकदा माझे सहकारी जेवायला आले होते. पांढरा रस्सा वाढता वाढता तिनं ‘एक्स्प्लॉइट’चा अर्थ विचारला.

“नाम असेल तर पराक्रम,” मी म्हणालो, “आणि क्रियापद असेल तर पुरेपूर उपयोग करून घेणं.”

शोषण हा तिसरा अर्थ मी सांगितला नाही. उलट तिला वाक्यच करून दिलं, “वी एक्स्प्लॉइटेड वहिनी.” सगळे हसले. काहीतरी कौतुक असेल असं समजून तीही हसली.

आठवड्यानं आईचं अंग पुसताना ती म्हणाली, “भावजी, डिक्शनरी बघितली मी. तुमच्या वाक्यात एक चूक हाय.”

“कुठली?”

“भूतकाळ कशाला घातलासा? अजून चाललंयच की.”

मला माफी मागावीशी वाटली, पण मागितली असती तर तिला जाऊ द्यावं लागलं असतं.

“वहिनी, पाणी गार झालंय,” मी म्हणालो. “आईसाठी गरम आणा.”

ती बादली घेऊन उठली.