एका कानासाठी दोन स्पीकर

रविवारी सकाळी नाशिकरोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी मिस्टरांना ठणकावून सांगितलं... माझा कान नाही, तुमची वायर बिघडलीय! पण जरा आधीपासून सांगते.

गेल्या वर्षीच्या आजारपणात माझा डावा कान गेला. कायमचा. उजवा ठणठणीत आहे, पण ते कुणाच्या डोक्यातच शिरत नाही. सगळे माझ्याशी ओरडून बोलतात आणि माझ्याबद्दल मिस्टरांना विचारतात... "वहिनींना चहा चालेल का?" अहो, वहिनी इथेच बसल्यात ना!

त्यात मी जाहीर केलं की मला स्टिरिओ घ्यायचाय. चांगला, दोन स्पीकरवाला. मिस्टर हसले, म्हणाले, "अगं, एका कानाला एक स्पीकर बास झाला." मी म्हटलं, "तुमचा एक गुडघा दुखतो म्हणून तुम्ही एकच चप्पल घालता का?"

हट्टाला कारण होतं. माझे वडील, आप्पा, गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत इकडे दिंडोरी, तिकडे मालेगाव... माणूस घरात सापडायचा नाही. मी पार्टीत कोरसला असायचे.

आप्पा गेले, एका कार्यक्रमाची कॅसेट तेवढी राहिली. भाच्याने ती मोबाईलवर घेऊन दिली. पण मोबाईलवर आप्पांचा उजवा हात फक्त टणटण वाजतो... डाव्या हाताचा घुमारा, ज्याच्या जोरावर आम्ही सगळ्या कोरसवाल्या बिनधास्त गायचो, तो गायबच. मला तो ऐकायचा होता. उरलाय तेवढ्या कानाने.

मग बसले अभ्यासाला. खोली आमची दहा बाय दहा, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर छोटासा, टिफिनच्या डब्याएवढा. त्याच्या जोडीला डॅक, म्हणजे मोबाईलमधलं डिजिटल गाणं अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल असं करून देणारी डबी. दुकानवाला लाल-निळे दिवे लुकलुकणारा पार्टी स्पीकर गळ्यात मारत होता... मी बधले नाही.

आवाजाचं बटण डॅकलाही होतं आणि अ‍ॅम्पलाही. दोन्हीकडून पिळत बसलं तर एकाच आमटीत सासूने आणि सुनेने मीठ घातल्यासारखं होतं. म्हणून डॅकचं पूर्ण उघडून ठेवलं आणि आवाज फक्त अ‍ॅम्पवर कमी-जास्त करायचा असं ठरवलं. हे मी, एकटीने, वाचून शिकले... नोंद घ्यावी.

वायरिंग मात्र मिस्टरांनी हौसेने केलं. भिंतीवर पट्टी मारून वायर आत लपवली, काम एकदम देखणं. एका बाजूला वायर कमी पडली, तर माळ्यावरच्या पिशवीतून तुकडा काढून जोडला. आमच्या घरात वायरचा तुकडा फेकायची पद्धतच नाही.

आणि लावलं... आप्पांचा डावा हात नाहीच. सगळा आवाज पोकळ. मशीनचा दोष असता तर बदलून घेतलं असतं हो... पण कानाचाच असेल तर आप्पा मला पुन्हा कधीच पुरते ऐकू येणार नव्हते.

दुकानवाल्याला बोलावलं. त्याने दोन्ही स्पीकरमागे बघितलं, अ‍ॅम्पमागे बघितलं. लालला लाल, काळ्याला काळी. मग माझ्या देखत मिस्टरांना म्हणाला, "सर, सेटअप एकदम ओके आहे. मॅडमच्या कानाचा प्रॉब्लेम असेल."

मी रडले. त्याच्यासमोर नाही, स्वयंपाकघरात कुकर लावताना.

रविवारी उठले तीच चिडून. म्हटलं, बघूच यांचा तो "एक स्पीकर बास"! अ‍ॅम्प बंद करून एका स्पीकरची वायर काढली, परत गाणं लावलं... आणि घुमारा आला! थोडासाच, पण आला. वायर परत लावली... गायब. काढली... हजर. अहो, कान तर तोच ना माझा?

तेव्हाच मी मिस्टरांवर तोफ डागली. अ‍ॅम्प बंद केला आणि एका स्पीकरच्या मागची लाल-काळी उलटी करायला घेतली. मिस्टर ओरडले, "अगं, रंग चुकतोय, जळेल ते!" मी ऐकलं नाही. कधी नव्हे ते माझ्या डाव्या कानाचा उपयोग झाला.

अ‍ॅम्प सुरू केला... आणि खोलीभर आप्पांचा डावा हात. खिडकीचं तावदान थरथरलं. मी कॉटवर बसले आणि मोठ्याने रडले, यावेळी मिस्टरांच्या समोरच.

मग मिस्टर स्वतःच स्टुलावर चढले आणि पट्टी उघडली. टेपखाली त्यांच्या त्या तुकड्याची लाल वायर काळीला जोडलेली, काळी लालला. दोन्ही टोकांना रंग बरोबर, मधे सगळा घोळ. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि दोघांनी मिळून घुमारा खाल्ला. मिस्टर म्हणाले, "चुकलं माझं." एवढं ते लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले असतील.

दुकानवाल्याला मीच फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, जरा सरांना द्या ना." म्हटलं, सर शेजारीच उभे आहेत, पण बोलायचं माझ्याशी. बोलला बिचारा... आणि सॉरीही म्हणाला.

संध्याकाळी परत तेच गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याला मी कधी उभी राहिले आणि कोरस धरला, मलाच कळलं नाही.

तर मंडळी, माझ्या उजव्या कानाचे जाहीर आभार. आणि माझ्याशी ओरडून बोलणाऱ्या सर्वांना विनंती... जरा हळू बोला. आप्पा वाजवतायत.