पंचफुलाच्या कांड्या

देवळीच्या पंचफुलाचा विड्या वळण्यात हात धरणारं कुणी नव्हतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेला तेंदूपत्ता, आणि त्यावर वाकलेली मान. बाराव्या वर्षापासून ती अशीच बसत आली होती. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात मात्र मान आखडली ती आखडलीच. कुणी हाक मारली की सगळं अंग वळवून बघावं लागे. नवरा कवडू म्हणे, बायको अलीकडे पाटलिणीच्या तोऱ्यात वळते.

तेल चोळून झालं, विटेनं शेकून झालं. त्याच सुमारास वर्ध्याचे डॉक्टर प्रभाकरराव दर बाजाराच्या दिवशी देवळीत येऊन एका खोलीत बसू लागले. कलकत्त्याहून ते चिनी सुयांचा इलाज शिकून आले होते. हा डॉक्टर गोळी देत नाही, नुसत्या सुया टोचतो, अशी बोलवा होती. पंचफुला घाबरत घाबरत गेली, तीही कवडूनं हट्ट धरला म्हणून. डॉक्टरांनी मान चाचपली, नाडी पाहिली आणि केसासारखी बारीक सुई तिच्या पंज्यावर, दोन बोटांच्या मध्ये टोचली.

"मान दुखते माही, अन् हाताले सुई काऊन लावून राह्यले?" तिनं विचारलं.

"आधी मान हळूहळू फिरवा, मग सांगतो."

तिनं फिरवली. दाराशी उभा असलेला कवडू तिला अंग न वळवता दिसला. मग डॉक्टरांनी सांगितलं, की चिनी वैद्यांच्या मते शरीरात वाटा असतात, हातातली वाट मानेपर्यंत जाते, आणि ती अडली की दुखतं. पण एका सुईनं भागणार नव्हतं. आठ-दहा खेपा कराव्या लागणार होत्या.

तिसऱ्या खेपेला त्यांनी शेक द्यायला घेतला. दवण्यासारख्या वासाचा वाळलेला पाला कागदात गुंडाळून केलेली कांडी पेटवायची आणि मानेपासून दोन बोटं दूर धरायची. कलकत्त्याच्या तयार कांड्या संपल्या होत्या, म्हणून ही त्यांनी घरी केली होती. ती मध्येच सुटली, निखारा त्यांच्याच पायावर पडला आणि डॉक्टर टुणकन उडाले. पालथी पडलेली पंचफुला हसू दाबत म्हणाली, "हे कोनं वळली, डॉक्टरसाहेब?"

"मीच."

"तरीच. द्या तो पाला माह्याजवळ."

पहिली कांडी तिनं तेंदूपत्त्यात वळली. ती तडतडली, आणि बाहेर आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या सदाशिवराव मास्तरांना विडीची तलफ आली. मग तिनं पाला चोळून मऊ केला आणि पतंगाच्या कागदात घट्ट वळला. ही कांडी शेवटपर्यंत एकसारखी जळली. डॉक्टर ती हातात फिरवून बघत राहिले आणि पुढच्या बाजारासाठी वीस सांगून गेले. त्यानंतर प्रत्येक रोग्याला ते सांगत, ही पंचफुलाबाईंनी केली आहे. तिच्या विड्या जन्मभर दुसऱ्याच्या छापाखाली विकल्या गेल्या होत्या. आपलं नाव असं घेतलेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

उन्हाळ्यापर्यंत मान मोकळी झाली. डावीकडे थोडी अडे, तेवढी राहिलीच. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मान वाकू नये म्हणून तिनं सूप मांडीवरून उचलून उंच चौरंगावर ठेवलं. हळूहळू कांडी धरायलाही ती शिकली. सुईला मात्र तिनं कधी हात लावला नाही. बायका तिच्याचकडून शेक घ्यायला बघत. सिंदी मेघे गावची सीताबाई तिला डॉक्टरीणबाई म्हणाली, तेव्हा ती म्हणाली, "मी तं फक्त कांडी धरतो वो."

पंचाऐंशीत डॉक्टरांनी वर्ध्यात दवाखाना थाटला. पंचफुलानं विड्या सोडल्या आणि आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या गाडीनं तिथं शेक द्यायला जाऊ लागली. दवाखान्यात तिच्यासाठी वेगळी खुर्ची होती.