बॉयलरच्या राखेची फरशी

दिवाळीचा पाडवा, सकाळची वेळ. माळेगावच्या आमच्या अंगणात मी, बायको, आई आणि कळंबकडचे टाइलवाले असे चौघे होतो. न्हाणीची ऐंशी चौरस फूट फरशी, साठ रुपये दराने चार हजार आठशे ठरले. दोन हजार मी तिथेच दिले.

जुन्या गुळगुळीत टाइलवर आई पावसाळ्यात घसरली होती. मोडलेला हात जुळला, पण तेव्हापासून आम्ही तिला आतून कडी लावू देत नव्हतो. बायको दाराशी उभी राहायची. "मला कडी लावून आंघोळ करायची हाय," एवढेच आईचे मागणे होते.

टाइलवाले मातीत साखर कारखान्याच्या बॉयलरची राख आणि ग्रॅनाइट कापताना निघणारी भुकटी मिसळून टाइल भाजत. वर चकाकी नाही, पण ओल्या पायाला पकड मिळते. मी कारखान्याचा सभासद, म्हणून म्हणालो, "राख आमच्याच उसाची. तिचे पैसे कसले लावता?"

"राख फुकटच हाय, तात्या. चाळायला आन् भट्टी लावायला तुमी या, दर निम्मा करतो."

आई हसली. दर तोच राहिला.

टाइल बसल्या. आठवड्याने आम्ही शेतात असताना आईने नव्या टाइलना हौसेने तेल चोळले. स्वयंपाकघरातल्या शहाबादीला ती तसेच चोळते. संध्याकाळी पाणी ओतताच बायकोचाच पाय सरकला. भिंत हाताला लागली म्हणून वाचली.  आईने आपली बादली उचलून दाराबाहेर ठेवली.

दुसऱ्या दिवशी टाइलवाले आले. ओणवे होऊन त्यांनी फरशीवरून बोट फिरवले.

"मावशी, शहाबादीवरचं तेल पुसून निघतं. ही तेल पिती."

"मग काय उपाशी ठिवू तिला?"

"पाणी पाजा की."

धुण्याचा सोडा आणि कढत पाणी घेऊन त्यांनी सगळी फरशी दोनदा घासली. उंबऱ्याजवळच्या चार टाइल मात्र सुधारेनात. त्या गवंडी बोलावून काढल्या आणि नव्या बसवल्या. मग साबणाचे पाणी टाकून आधी मी चाललो, मग बायको. शेवटी आई आत गेली आणि तिने कडी लावली. आम्ही दाराशीच थांबलो.

"अजून हितंच हायसा व्हय? जावा की," आतून आवाज आला.

टाइलवाल्यांना उरलेले दोन हजार आठशे आणि चार टाइलचे दोनशे चाळीस दिले. गवंड्याला दिवसाची मजुरी आठशे.