उंच सोडलेला चेंडू

काल मैदानाशेजारून जाताना एका फिरकी गोलंदाजाला षटकार बसलेला पाहिला. पुढचा चेंडू त्याने आणखी हळू, आणखी उंच सोडला आणि मला आमचे नानामामा आठवले. मामांचा चेंडू हवेत इतका रेंगाळायचा की यष्टिरक्षक तेवढ्यात चहा पिऊन कप विसळून यायचा. एकदा एका घारीने त्यावर घरटं बांधायला घेतलं होतं, पण ते असो.

गावच्या अंतिम सामन्यात समोरच्यांची शेवटची जोडी एकेक धाव चोरत विजयाजवळ आली होती. मामा कप्तानाला म्हणाले, "सीमारेषेवरचा तो माणूस आत घे."

"मामा, भांग घेतलीय का? तिकडेच मारेल की तो."

"मारू दे. मारायला पुढे आलाच नाही, तर चुकणार कसा?"

चेंडू वर गेला. फलंदाज धावत पुढे आला, त्याने बॅट फिरवली आणि चेंडू वळून मधली यष्टी घेऊन गेला.

"षटकार बसलाही असता बरं का," मामा घाम पुसत म्हणाले.

मी जन्मभर सीमारेषेवर माणसं उभी करून खेळलो. मला षटकार कोणी मारला नाही. बादही कोणी झालं नाही.