‘प्रथमच आढळले’

सायराकानचं डोकं सकाळपासून फिरलं होतं, आणि का फिरू नये? टेबलावर नुरपेरी नावाच्या मुलीचा प्रबंध पडला होता. परीक्षक म्हणून सायराकानने अहवाल द्यायचा, मगच पोरीला पदवी. अहवालाच्या छापील नमुन्यात एक रकाना ठरलेला: संशोधनात नवीन काय? तो रिकामा ठेवला की प्रबंध बाद.

आता ऐका. नुरपेरीने लिहिलं होतं, उन्हाळ्यात दुपारनंतर नदीचं बर्फाळ पाणी इस्सिक-कुल सरोवराच्या तळाकडे उतरतं, तिथे पाण्यातला आवाज वाकतो आणि दोन किलोमीटरवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हे ‘प्रथमच आढळले’ म्हणे! अहो, सायराकानने ते चौऱ्याऐंशी साली शोधलं होतं, तीन उन्हाळे होडीत करपून. पण तेव्हा सरोवरात सोव्हिएत नौदलाच्या गुप्त चाचण्या चालायच्या. दोऱ्याने शिवलेल्या, लाखेची मोहर लावलेल्या वह्या रोज संध्याकाळी गुप्तता खात्यात जमा करायच्या. सोव्हिएत देश फुटला तेव्हा त्या मॉस्कोला गेल्या. बाईंनी सात अर्ज केले. उत्तर एकच, तुम्हाला त्या बघायचा परवाना नाही. स्वतःचंच अक्षर बघायला परवाना! छापलेला लेख नाही म्हणून प्राध्यापकपद नाही. निवृत्तीला चार महिने उरले, तरी बाई आपल्या सहायक प्राध्यापकच.

होडीतला जुना सोबती दोरोनबेक अशलान-फूचे, म्हणजे थंडगार आंबट-तिखट शेवयांचे, दोन वाडगे घेऊन आला. तिकडे थोरल्या बाईला ‘एजे’ म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं.

“एजे, आधी खाऊन घ्या.”

“खातेय कसली! वाच हे.”

त्याने वाचलं. “अरेच्चा, हे तर आपलंच! लिहून टाका, आधीच सापडलंय म्हणून.”

“पुरावा?”

“मी आहे की साक्षीला.”

“तू? तिन्ही उन्हाळे घोरत होतास मेल्या!”

दोरोनबेक हसला, पण बाईंना हसू येईना. तिने नुरपेरीला फोन लावला. मोजणीत खोट निघावी अशी तिची फार इच्छा होती, खोटं कशाला बोला.

“थंड पाणी किती खोलवर सापडलं गं?”

“छत्तीस मीटर, एजे.”

छत्तीसच. सायराकानच्या वहीतही छत्तीसच होतं.

“एजे, काही चुकलं का?” पोरीचा आवाज रडवेला झाला. “चार वर्षं नुसती चाचपडले हो. आधी कुणी एवढंसं जरी लिहून ठेवलं असतं ना, तर केवढा आधार झाला असता!”

“काही चुकलं नाही,” एवढंच सायराकान म्हणाली.

मग तिने रकान्यात ‘प्रथमच आढळले’ असं लिहिलं, आणि सही इतकी दाबून केली की कागद फाटला. फाटका अहवाल कार्यालय घेत नाही. तिने दुसरा नमुना काढला आणि सगळं पुन्हा लिहिलं.