बोटांवरची वजाबाकी

कोलकात्यात, डमडमच्या एका शाळेत मी सात वर्षं पहिलीला गणित शिकवलं. बोटांवर मोजायचं नाही, असा तिथे नियम होता. बेरीज-वजाबाकी तोंडीच यायला हवी. बेरीज कशीबशी जमायची; पण नऊमधून चार गेले म्हटलं की चेहरे कोरे व्हायचे. एक मुलगी तर वजाबाकीचा तास आला की पोट दुखतंय म्हणून रडायची. शेवटी एकदा मी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि सगळ्यांना नऊ बोटं वर करायला लावली. मग म्हटलं, आता चार मिटा. तिनं मिटली, उरलेली मोजली आणि हळूच 'पाच' म्हणाली. त्यानंतर तिचं पोट दुखलं नाही.

हे मी एकीलाच सांगितलं. ती शेजारच्या तुकडीची बाई, बंगाली, माझ्याच वयाची. आमचा डबा एकत्र असायचा. माझी आई आजारी होती तेव्हा पंधरा दिवस तिनं माझा वर्ग सांभाळला होता. मी स्वतः अजून ओढणीखाली बोटं मोजते, हेही तिला ठाऊक होतं. ती हसली, माझ्याकडून सगळं समजून घेतलं आणि आपल्या वर्गातही दार लोटून तेच करू लागली.

पुढे प्राथमिक विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. मी नियम मोडते असं त्यांच्या कानावर आलं होतं. मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीसुद्धा ओढणीखाली बोटं मोजता म्हणे."

ते फक्त तिलाच ठाऊक होतं. आणखी कोणी असं शिकवतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

ती मला जिन्यात भेटली. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "मला विचारलं गं. दोघींचीही नावं सांगून काय मिळालं असतं?"

एवढंच. आवाजही चढवला नाही तिनं. ती जागा तिला मिळाली, आणि मला चौथीचा इतिहास.

दुर्गापूजेनंतर बिजयाची मिठाई घेऊन ती घरी आली. विसर्जनानंतर लोक एकमेकांकडे जातात, तशीच. सासूबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तिला कौतुकानं बसवलं. मी चहा केला. ती यंदाच्या मंडपांविषयी बोलत राहिली, गर्दीविषयी, पायांच्या दुखण्याविषयी. कप रिकामा होईपर्यंत मी वाट पाहिली की त्याबद्दल एखादा शब्द तरी बोलेल. ती उठली, सासूबाईंच्या पाया पडली आणि मला मिठी मारून गेली. माझे हात खालीच राहिले.